सहा बाराच्या आत

माणसाला वेड लागायचंच तर एखादं घरंदाज वेड लागावं. गाण्याचं लागावं, झाडांचं लागावं, फार तर देवाचं लागावं. आमच्या गल्लीतल्या लिफ्टमनला वेड लागलं ते एका जाड पुस्तकात आपलं नाव छापून आणायचं. दूर कुठल्याशा शहरात म्हणे एक कचेरी आहे आणि ती जगभरच्या रिकामटेकड्यांच्या नोंदी ठेवते. कोण किती तास एका पायावर उभा राहिला, कोणी नाकाला किती चमचे चिकटवले, कोण हनुवटीवर शिडी तोलून किती पावलं चालला. अशा कचेरीत नोकरी करणाऱ्यांच्या आयांना काय वाटत असेल, हा विचार माझ्या मनात नेहमी यायचा.

गल्लीनं त्याचं नाव चेंडूराव ठेवलं होतं. मी ठेवलं नव्हतं, पण ऐकलं तेव्हा आवडलं होतं.

दवाखान्याच्या लिफ्टमध्ये उभं राहून तो दिवसभर लोकांना वर न्यायचा, खाली आणायचा. मधल्या मजल्यांवर कोणी नसलं की खिशातून तीन चेंडू काढायचा आणि झेलत बसायचा. दार उघडलं की चेंडू गायब, चेहरा गंभीर, "कितवा मजला?" एकदा ऑपरेशनला चाललेल्या एका म्हाताऱ्याच्या पोटावर हिरवा चेंडू पडला. म्हातारा म्हणाला, "हे ऑपरेशनच्या आधी असतं की नंतर?" ही गोष्ट चेंडूराव स्वतःच सगळ्यांना हसत सांगायचा. लाज नावाची वस्तू त्याच्या घरात पाहुणी म्हणूनही आली नसावी.

त्याचे विक्रम सांगायचे तर सगळे फसलेले. चमच्यात अंडं धरून तो दवाखान्याचा जिना उलटा चढला. आठव्या मजल्यावर अंडं सुटलं ते तळमजल्यावर मोठ्या नर्सबाईंच्या टोपीवर. हनुवटीवर शिडी तोलली, ती चष्मेवाल्याच्या पाटीवर आदळली. पाटीवरचा काचेचा डोळा फुटला तो फुटलाच. मग एका पायावर पूर्ण पाळीभर लिफ्टमध्ये उभा राहिला. सात तास वीस मिनिटं. कचेरीचं उत्तर आलं: लिफ्ट हलत असल्यामुळे अर्जदार 'उभा होता' असं म्हणता येत नाही. हे पत्र त्यानं गल्लीभर वाचून दाखवलं. मी त्या दिवशी जेवताना दोनदा एकटीच हसले.

त्याची बायको त्याच दवाखान्याच्या धुलाईखात्यात चादरींच्या घड्या घालायची. तिथल्या बायकांनी तिच्यावर एक ओवीच रचली होती. ती समोरून आली की दोघी चादरीची दोन टोकं धरून म्हणायच्या,

तीन चेंडू हातामध्ये, पेला डोईवर,
संसार कुठे ठेवलास, सांग रे भ्रतार.

तीही त्यांच्याबरोबर म्हणायची. गळा गोड होता तिचा.

मी कोण, हे सांगायला हवं. मी शाळेत घंटा द्यायचे. एकतीस वर्षं. भिंतीवरच्या घड्याळावर माझा कधीच विश्वास नव्हता. माझं घड्याळ माझ्या मनगटावर आणि त्याहून जास्त माझ्या पोटात. मी हातोडा उचलला की दुकानदार आपापली घड्याळं जुळवून घ्यायचे. मुलांनी माझं नाव मिनिटमावशी पाडलं आणि पुढे शिक्षकही चुकून तेच म्हणू लागले. वर्षातून एकदा शर्यती व्हायच्या, तेव्हा खेळाचे मास्तर बटणाचं घड्याळ माझ्याच हातात द्यायचे. त्यांचा स्वतःवर भरवसा नव्हता. आवडतं पोर पळायला लागलं की ते नाचायचे आणि बटण राहून जायचं.

माझा नियम एकच होता. नजर रेषेवर, अंगठा बटणावर, पळणारा गेला उडत. पळणाऱ्याकडे पाहायचंच नाही. त्याच्याकडे पाहिलं की मन त्याच्याबरोबर पळतं आणि अंगठा मागे राहतो. रेषेवर छाती आली, दाबलं, संपलं. कोण जिंकलं, कोण रडलं, ते मला संध्याकाळी इतरांकडून कळायचं आणि कळलं नसतं तरी चाललं असतं.

अशा माझ्याकडे एका दुपारी चेंडूरावची बायको आली. हात पांढरेफटक, साबणानं सोललेले. बसली आणि इकडचं तिकडचं बोलायला लागली. मी म्हटलं, "मुद्द्यावर ये. तीन वाजून चार मिनिटं झाली आहेत."

"मावशी, ह्यांची वेळ घ्यायला माणूस हवं आहे."

"त्यांची वेळ केव्हाच आली होती. कोणी घेतली नाही एवढंच."

ती हसली. तिचा हा दोष होता, टोमणा कळायचा आणि लागायचा नाही. मग तिनं कचेरीचं पत्र काढलं. हजार मीटर पळायचं, हातात तीन चेंडू झेलत, डोक्यावर काठोकाठ भरलेला पाण्याचा पेला. चेंडू पडला की संपलं. पेला पडला की संपलं. शेवटी पेल्यात निम्म्याहून जास्त पाणी उरायला हवं. आधीचा विक्रम कुठल्याशा देशातल्या एका पाववाल्याचा, सहा मिनिटं बारा सेकंद. दोन माणसांनी दोन घड्याळांवर वेळ घ्यायची, दोघांनी आपापल्या कागदावर लिहून सही करायची. एकच घड्याळ असेल तर अर्ज बाद. आणि ही माणसं अर्जदाराची नातलग, मित्र किंवा हितचिंतक नसावीत.

"मागच्या खेपेला माझ्या भावानं सही केली म्हणून बाद झालं," ती म्हणाली. "आता एक चष्मेवाले आहेत. पाटी फुटली तेव्हापासून त्यांना मित्र म्हणता येत नाही. दुसरं माणूस मिळेना. सगळे हितचिंतकच निघतात."

"मग माझ्याकडे का आलीस?"

"गल्लीत ह्यांना तुमच्याइतकं पाण्यात पाहणारं दुसरं कोण आहे?"

हे तिनं इतक्या साधेपणानं म्हटलं, जशी एखादी म्हणेल की तुमच्याकडे मोठं पातेलं आहे म्हणून आले.

मी नाही म्हणणार होते. तोंड उघडलंही होतं. ती पदराशी चाळा करत म्हणाली, "गुडघा गेलाय ह्यांचा. आमच्याच दवाखान्यात दाखवलं. गुरुवारी कापणार आहेत. डॉक्टर म्हणाले, चालाल, जिना चढाल, पण पळायचं आता विसरा. म्हणून रविवारी. हा शेवटचाच."

"म्हणजे सोमवारपासून गल्ली शांत."

"हो," ती म्हणाली. "सोमवारपासून शांत."

मी येते म्हटलं. कशासाठी म्हटलं याचं उत्तर तेव्हा माझ्याकडे तयार होतं: त्याचा चेंडू पडताना पाहायचा होता, आणि तोही अधिकृतपणे.

शनिवारी मी शाळेच्या मैदानावर गेले. दोनशे मीटरचा पट्टा, पाच फेऱ्या. कामाला हो म्हटलं की मी काम करते. मोजपट्टी धरून पट्टा मोजला, चुन्याची रेषा पुसट होती ती नवी ओढून घेतली. चेंडूराव तिथेच होता. आखूड चड्डी, गुडघ्याला पट्टी, डोक्यावर कापडाची चुंबळ आणि तिच्यावर पेला. दिसायला असा की जणू एखाद्या पाणपोईला पाय फुटलेत.

"मावशी," तो मान न हलवता म्हणाला, "तुम्ही आलात, बरं वाटलं."

"बरं वाटून घेऊ नका. हितचिंतक ठरले तर अर्ज बाद होईल."

तो हसला. पाणी सांडलं नाही, हे मी पाहिलं आणि मनातल्या मनात खोडलं.

मी म्हटलं, "चेंडूराव, माझी आई डोक्यावर पाणी, काखेत धाकटा भाऊ आणि तोंडात माझ्या नावानं शिव्या घेऊन रोज ओढ्यावरून यायची. कोणी घड्याळ घेऊन उभं राहिलं नाही."

"पण त्या पळत नव्हत्या ना."

"मागे सासू होती. पळत नव्हती कशी?"

यावर त्यानं तिन्ही चेंडू एकदा झेलले. मग म्हणाला, "मग त्यांचंही कोणीतरी मोजायला हवं होतं."

मी रेषा ओढत राहिले. थोड्या वेळानं, न विचारता, तो म्हणाला, "लिफ्टमध्ये कसं असतं मावशी, दिवसभर वर जायचं, खाली यायचं. संध्याकाळी मोजलं तर किती मैल होतात. आणि आपण सकाळी होतो तिथेच."

"सगळे तिथेच असतात," मी म्हटलं. "बाकीचे चेंडू झेलत नाहीत एवढंच."

रविवारी सकाळी सात वाजता माणसं जमली ती मोजून अकरा. गल्ली दोनशे उंबऱ्यांची. जगाचा विक्रम आणि अकरा माणसं, त्यातली दोन आपली कुत्री फिरवायला आलेली. धुलाईखात्यातल्या चौघी एका बाकावर बसून शेंगा सोलत होत्या. चेंडूरावची बायको रेषेपाशी आली, पेला काठोकाठ भरला, नवऱ्याच्या डोक्यावर ठेवला, त्याच्या कपाळावर ओघळलेला एक थेंब बोटानं पुसला, आणि मैदानाकडे पाठ करून उभी राहिली.

"हे काय?" मी विचारलं.

"माझ्यानं बघवत नाही. कधीच बघत नाही मी. संपलं की सांगा."

चष्मेवाला माझ्या शेजारी उभा होता. भला माणूस. असल्या भल्या माणसांचा मला कंटाळा येतो. बटण दाबायचं राहील या धास्तीनं त्यानं घड्याळ दोन्ही हातांत धरून नाकाला लावलं होतं. म्हणाला, "मावशी, मी फक्त आकड्यांकडे बघणार. शेवटी रेषेवर ते आले की तेवढं मला 'आले' म्हणा."

"स्वतःचं स्वतः बघायचं असतं."

"बरं, मग पायांचा आवाज ऐकेन." चष्मे विकून माणसाचे डोळे बहुधा सुट्टीवर जात असावेत.

मी शिट्टी वाजवली, बटण दाबलं, आणि चेंडूराव निघाला.

पळणं त्याला म्हणता येणार नाही. कमरेखाली घाई आणि कमरेवर देवघर, असं काहीतरी ते होतं. पाय भरभर चाललेले, छाती स्थिर, मान ताठ, हातांतून चेंडू निघतात नि येतात, लाल, हिरवा, पांढरा. मी पहिलं वळण बघून ठेवलं होतं. तिथे जमीन जराशी उतरती आहे. एकतीस वर्षांत तिथे किती पोरं तोंडावर पडली ते मला माहीत आहे. मनात म्हटलं, इथे पडेल. चेंडू पडेल, पेला पडेल, मागून स्वतः पडेल, आणि मी घरी जाऊन दूध तापवीन.

वळणावर त्यानं पाऊल आखूड केलं. गवताच्या काडीवरून मुंगी उतरते तसा उतरला. पाणी काठाशी एकदा थरथरलं आणि परत जागेवर बसलं.

पहिली फेरी. मी रेषेकडे नजर आणली. तो गेला. एक मिनिट चौदा.

दुसऱ्या फेरीला फिरायला आलेल्या एका कुत्र्याला चेंडूंचा मोह झाला. ते दोरी ओढून थेट पट्ट्यावर आलं आणि चेंडूरावच्या बाजूनं उड्या मारत पळायला लागलं. म्हटलं, आता संपलं. मालक ओरडतोय, कुत्रं भुंकतंय, बाकावरच्या बायका शेंगा सोडून उभ्या राहिल्यात. चेंडूरावनं कुत्र्याकडे पाहिलं नाही; पाहणार कसा, मान वळवली तर पेला जाणार. त्यानं फक्त चेंडू जरा उंच फेकायला सुरुवात केली. कुत्र्याच्या उडीच्या हातभर वर. कुत्रं दमलं आणि बसलं. तो पळत राहिला.

इथे मी एक गोष्ट केली जी एकतीस वर्षांत केली नव्हती. दुसरी फेरी संपली तेव्हा मी रेषेकडे पाहिलं नाही. तो केव्हा गेला ते चष्मेवाल्याच्या तोंडून ऐकलं. म्हटलं, असू दे, मधल्या फेऱ्यांची वेळ कोणी विचारत नाही. शेवटी बघायचं.

तिसऱ्या फेरीला गुडघा बोलायला लागला. उजवा पाय टेकला की त्याचा खांदा खाली यायचा; खांदा खाली आला की पेला कलायचा. मग तो काय करायचा, कलत्या बाजूचा चेंडू जरा उशिरा झेलायचा, तेवढ्या वेळात मान सावरून घ्यायचा. टेक, कल, थांब, झेल. टेक, कल, थांब, झेल. लंगडणं त्यानं ठेक्यात बांधून घेतलं. जात्यावर दळणारी बाई थकली की ओवीत एक 'गं बाई' जास्तीचा घालते आणि त्यात श्वास घेते, तसं. मी म्हटलं, पुढच्या वळणावर नक्की. पुढचं वळण गेलं. म्हटलं, खांबापाशी. खांब गेला. प्रत्येक ठिकाणी मी त्याला पाडत होते आणि तो पडत नव्हता.

चौथ्या फेरीत ऊन वर आलं आणि पेल्यात शिरलं. आता पाणी दिसेना. त्याच्या डोक्यावर नुसता उजेड होता आणि तो उजेड घेऊन हा बावळट माणूस, आखूड चड्डीत, घामानं निथळत, लंगडत चालला होता. कोणी पाहत नव्हतं. बायको पाठमोरी. चष्मेवाला घड्याळात. बाकावरच्या बायका कुत्र्याच्या मालकाशी भांडण्यात गुंतलेल्या. मी एकटी पाहत होते. पाहत होते ते तो पडावा म्हणूनच, हे मी आजही शपथेवर सांगेन. शेवटच्या फेरीला तो समोर आला, तोंड वासलेलं, गुडघ्याची पट्टी सुटून मागे लोंबणारी, तिच्यावर पाय पडणार हे मला लख्ख दिसलं. म्हटलं, इथे. या पावलाला. नाही, या. पट्टी पायाखाली यायची आणि सुटायची, यायची आणि सुटायची. तो रेषा ओलांडून पुढे गेला तरी थांबला नाही. एकदम थांबला असता तर पाणी पुढे उसळलं असतं. हळू, आणखी हळू, मग चालत, मग उभा. एक एक चेंडू हातात आला. त्यानं गुडघे वाकवले, आणि उजव्या गुडघ्याचा आवाज मी तिथून ऐकला.

पेला डोक्यावरच होता.

"सहा नऊ!" चष्मेवाला ओरडला. "मावशी, सहा मिनिटं नऊ! तुमचं?"

मी खाली पाहिलं. माझ्या हातात काटा फिरत होता. सहा तेहतीस, सहा चौतीस, सहा पस्तीस. अंगठा बटणावर होता, जिथे असायला हवा तिथेच. दाबला नव्हता.

मूठ मिटली. घड्याळ तळहाताला टिकटिक करत राहिलं, एखादा किडा पकडावा तसं.

बायको वळली. तिनं पेला उतरवला, बोट आत घालून पाणी मोजलं; तीन चतुर्थांश होतं. धुलाईखात्यातल्या बायका आल्या, कुत्र्याचा मालक आला. सगळे मला विचारायला लागले, मावशी किती, मावशी किती. चष्मेवाला जवळ आला. माणूस भला, पण खुळा नव्हता. माझी मूठ पाहून त्याला कळलं असावं. अगदी हळू म्हणाला, "सहा नऊ आहे. एखादा दशांश इकडेतिकडे लिहा. तुमच्या सहीवर कोण शंका घेणार?"

खरंच कोणी घेतली नसती. एकतीस वर्षं सगळी गल्ली माझ्या हातोड्यावर जेवली, झोपली. मी सहा नऊ म्हटलं असतं तर सूर्यानंही आपलं घड्याळ जुळवून घेतलं असतं. आणि ते खोटंही नव्हतं, सहा नऊच असणार. फक्त ते मी पाहिलेलं नव्हतं. जी वेळ मी घेतली नाही ती मी कधीच कोणाला दिली नाही. शाळेच्या संस्थापकांच्या नातवालाही नाही, आणि त्याची आई माझ्या दारात रडून गेली होती.

मूठ उघडली. "माझं अजून चालू आहे," मी म्हटलं.

"म्हणजे?" बायकोनं विचारलं.

"म्हणजे मी दाबलं नाही."

सगळे वाकून माझ्या हातातल्या घड्याळाकडे बघायला लागले. कुत्रंही. मग चेंडूरावची बायको, जिला कधी टोमणा लागला नाही, ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. आवाज चढवला नाही. म्हणाली, "मावशी, तुम्ही ह्यांना पाण्यात पाहता हे मला माहीत होतं. पण तुम्ही काम चोख करता हेही माहीत होतं. म्हणून आले होते. मुद्दाम केलंत."

एवढं म्हणून ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

हो म्हणणं सोपं होतं. हो म्हटलं असतं तर गल्लीनं मला दुष्ट म्हटलं असतं, आणि दुष्ट म्हणवून घ्यायला माझी हरकत नाही. दुष्ट बाईचा आब असतो. दुसरं जे होतं ते सांगायचं म्हणजे मास्तरांच्या पंगतीला जाऊन बसणं. आवडतं पोर पळायला लागलं की नाचणारे मास्तर, त्यांना मी आयुष्यभर हसले.

"मुद्दाम नाही," मी म्हटलं. "बघत राहिले."

"काय बघत राहिलात?"

"ह्यांना. दुसरं काय बघण्यासारखं होतं इथे? तुझी पाठ?"

चेंडूराव तोवर जमिनीवर बसला होता, पाय लांब करून. गुडघा वांग्यासारखा सुजला होता. तो माझ्याकडे बघत होता, पण रागानं नाही. लिफ्टचं दार उघडल्यावर समोर कोण आहे हे बघावं तसा.

"सगळ्या फेऱ्या पाहिल्यात?"

"पाहिल्या."

"चेंडू पडला?"

"एकही नाही."

"आणि मावशी..." तो घुटमळला. "पेला कसा दिसत होता? मला माझ्याच डोक्यावरचं दिसत नाही. ही तर पाठ करून उभी असते. आजवर एवढं केलं, पण ते दिसतं कसं ते मला कोणी सांगितलेलंच नाही."

मी म्हटलं, "आधी त्या गुडघ्यावर पाणी ओता. पेल्यात आहे तेवढं पुरेल." आणि घरी आले. दूध उतू गेलं त्या दिवशी.

कागद मात्र मी भरून दिला, ते माझ्याकडचं काम होतं. वेळेच्या रकान्यात लिहिलं: घेतली नाही, चूक माझी. पडलेले चेंडू: शून्य. शेरा या रकान्यात काही लिहायची सक्ती नव्हती. तिथे लिहिलं, पूर्ण वेळ पाहिलं. त्यांनी दोन्ही कागद कचेरीला पाठवले. दीड महिन्यानं उत्तर आलं. एकच घड्याळ, अर्ज बाद, कळावे. चष्मेवाल्यानं ते पत्र वाचून डोळे पुसले. मी म्हटलं, एवढं रडू येत असेल तर आधी पाटीचा डोळा बसवून घ्या.

गल्ली शांत झाली. इतकी की मला दुपारी झोप येईनाशी झाली.

महिन्यातून एकदा मला रक्तदाब तपासायला दवाखान्यात जावं लागतं, सहाव्या मजल्यावर. मी जिन्यानं जायचे. चौथ्या महिन्यात लिफ्टनं गेले. चेंडूराव आता स्टुलावर बसून बटणं दाबतो. एक पाय सरळ पुढे, वहिवाट अडवून. कठड्याला काठी टांगलेली. खिसा सपाट.

"कितवा मजला?" तो म्हणाला, मग वर पाहिलं. "सहावा ना, मावशी?"

लिफ्ट म्हातारी आहे. तळापासून सहाव्यापर्यंत एक मिनिट अकरा सेकंद घेते, मी मोजले. आत आम्ही दोघंच होतो. पहिला मजला गेला. तो दाराकडे बघत बसला होता, काहीच विचारत नव्हता. मला असल्या न विचारणाऱ्या माणसांचा फार राग येतो.

"पहिल्या वळणावर," मी म्हटलं, "तुम्ही पाऊल आखूड केलंत. मला वाटलं होतं तोंडावर पडाल. मधे बोलायचं नाही. पाणी डाव्या काठाशी आलं, एवढं, नखाएवढं. थरथरलं आणि परत गेलं."

त्यानं हळूच हात डोक्याकडे नेला आणि तसाच धरून ठेवला, जणू पेला अजून तिथे आहे.

सहाव्यावर दार उघडलं तेव्हा पहिली फेरी जेमतेम संपली होती. बाहेर एक बाई व्हीलचेअर घेऊन उभी होती. तिला खाली जायचं होतं. तिला आत घेतलं. मी उतरणार होते. नर्सनं दिलेली वेळ दहा वाजून दहाची होती आणि दहा वाजून नऊ झाले होते. आजवर मी कुठेही उशिरा पोचलेली नाही.

"चला खाली," मी म्हटलं. "कुत्र्याची फेरी राहिली आहे."